कानातला कापूस

आमच्या घरात सवत आली ती टेम्पोत उभी राहून. पांढरीशुभ्र, चार पायांची, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांची. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लग्नाच्या वरातीसाठी घोडी आणली आणि सेनगावच्या आसपासचे नवरदेव तिच्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जाऊ लागले. मला मालक हाक मारायचे 'ऐकलं का' अशी. घोडीला म्हणायचे 'बाई'. "बाई, पानी पी. बाई, सरक जराशी." अकरा वर्षांच्या संसारात माझ्याशी कुणी इतक्या अदबीनं बोललं नव्हतं.

मी जळायची. लपवून काय करू? तिच्या भिजवलेल्या हरभऱ्यावर जळायची, तिच्या आरशांच्या झुलीवर जळायची. तिची शेपूट विंचरताना मालक गुणगुणायचे, तेव्हा तर भाकरी तव्यावर करपायची.

घोडीत खोट एकच. मोठ्या आवाजाला ती फार बिचकायची, आणि हल्ली डीजे आणि फटाक्यांशिवाय वरात होत नाही. म्हणून टेम्पोत चढवण्याआधी तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालावे लागत. ते काम माझं. मालकांची जाड बोटं कानाजवळ गेली की ती मान उडवायची. माझ्यापुढं मात्र मान खाली घालून उभी राहायची. मी शेतातल्या कापसाची सरकी काढून बोळे वळायची, अलगद बसवायची. मला ते फक्त जास्तीचं काम वाटे.

त्या वर्षी ऐन लगीनसराईत मला ताप आला. तीन दिवस अंथरुणात होते. मालक दारातून विचारायचे, "गोळी घेतली का?" आणि गोठ्याकडं निघून जायचे. चौथ्या दिवशी घोडी दोनदा खोकली, तर तासाभरात जनावरांचा डॉक्टर अंगणात हजर. मालक त्याच्यासाठी स्वतः चहा करत होते. मला तोवर वाटायचं, त्यांना चूल पेटवता येत नाही.

दोन दिवसांनी डोंगरकडा गावाकडची वरात होती. मी बोळे वळले. घोडीनं सवयीनं मान खाली घातली. मी बोळे गोठ्याच्या कोनाड्यात ठेवले आणि मालकांना सांगितलं, "झालं." विसरले, असं म्हणता आलं असतं. पण मी विसरले नव्हते. एक दिवस त्या बाईनं भर मांडवासमोर मालकांची फजिती करावी, एवढंच मनात होतं. तिच्या पाठीवर कुणाचं तरी लेकरू बसणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फटाक्यांची माळ लागली आणि घोडी उधळली. लगाम मालकांच्या हातातून निसटला, नवरदेव खाली पडला, हात मोडला. बिचाऱ्याला गळ्यात हात बांधून बोहल्यावर उभं राहावं लागलं. घरी आल्यावर मालक आधी गोठ्यात गेले. कोनाड्यातले बोळे त्यांनी उचलले, खिशात घातले. मी दारात उभी होते. माझ्या शेजारून ते हातपाय धुवायला गेले.

आठवड्याभरात नवरदेवाच्या वडिलांची नोटीस आली. निष्काळजीपणा, असा शब्द होता तिच्यात. आम्ही दोघं सेनगावला वकिलाकडं गेलो.

"घोडी खोडील निघाली, तुम्हाला आधी कल्पना नव्हती, असं सांगू या," वकील म्हणाले. "तुमच्यावर दोष कमी येईल."

"खोडील न्हाई ती," मालक म्हणाले. "आवाजाला भिते. मला ठाव हाय, म्हनून तर कानात कापूस घालतो."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे भिते हे तुम्हाला माहीत होतं. मग तर काळजी घेणं तुमचंच काम. कापूस कोण घालतं?"

माझं नाव घेतलं तर गावभर होणार होतं, आणि माहेरीही कळणार होतं.

"मीच," मालक म्हणाले. "त्या दिशी इसरलो."

परतीच्या जीपमध्ये मी हळूच विचारलं, "काहून म्हनलं तुमी तसं?"

"खोडील म्हनलं असतं तर तिला कोनी दारात उभं केलं न्हाई अस्तं," ते म्हणाले. "इकावी लागली अस्ती बाई."

बाई. मला वाचवलं, असं ते म्हणालेच नाहीत. अपराध माझा होता, आणि तरीही मी जळले.

पुढं तडजोड झाली. दवाखान्याचा खर्च मालकांनी उचलला, नवरदेवाच्या घरी जाऊन हात जोडले. वर्ष सरलं. पुन्हा लगीनसराई आली तेव्हा मी न सांगता चांगला मऊ कापूस निवडला, बोळे वळले आणि गोठ्यात गेले. घोडीनं मला पाहून मान खाली घातली.

मालकांनी माझ्या हातातून बोळे काढून घेतले. रागानं नाही. "दे इकडं," म्हणाले. "तू बस."

तेव्हापासून ते काम त्यांचंच. ती मान उडवते, ते "बाई, बाई" करत जाड बोटांनी झटत राहतात, आणि ती अजून माझ्याकडं बघते. मी ओट्यावर बसून असते. जळते अजूनही, पण आता मालकांवर.