अर्धे दोन

आमच्या त्रिपोला हसताना पाहायचं असेल तर डिसेंबरात या. उन्हाळाभर त्याच्या तोंडावर एकच भाव असतो: कोणीतरी अजून आलेलं नाही. कोतोरच्या खाडीत जहाज नांगर टाकतं, छोट्या बोटी माणसं आणून धक्क्यावर ओततात. त्यातली सात-आठ त्रिपो आपल्या गाडीत भरतो, डोंगरावर नेतो, हॅम आणि चीज खायला घालतो, आणि मग उरलेला दिवस त्यांना गोळा करत फिरतो. एक बाई मांजरांचे फोटो काढायला गेलेली असते. एक म्हातारा चर्चच्या बाकावर घोरत असतो. एकाला आत्ताच्या आत्ता आइस्क्रीम हवं असतं. जहाज काय, भोंगा वाजवणार आणि जाणार. घाम फुटतो तो आमच्या माणसाला.

संध्याकाळी घरी आला की बूटही न काढता खुर्चीत पडतो.

"काय रे, पोचले सगळे?" मी विचारते.

"पोचले."

संपलं बोलणं. बायकोने काय भिंतीशी गप्पा मारायच्या?

पण खोटं कशाला बोलू, त्याच्या गाडीतलं माणूस आजवर कधी मागे राहिलेलं नाही. त्याला कारण आहे. तरुणपणी तो स्वतः मालवाहू जहाजावर इंजिनात होता. जेनोव्हाला दाढदुखीवरचं औषध आणायला म्हणून उतरला आणि परत आला तर जहाज बंदराबाहेर. कपडे जहाजावर, कागदपत्रं जहाजावर, हा धक्क्यावर, पायात चपला. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये, म्हणतो. तेव्हापासून मागे राहिलेलं माणूस त्याला बघवत नाही. मुलगा झाला तेव्हाही हा कुठेतरी ब्राझीलकडे होता. फ्रानोला पहिल्यांदा उचलून घेतलं तेव्हा पोराला चार दात आले होते, आणि पोरगं याला बघून भोकाड पसरून माझ्याकडे झेपावलं. ते याच्या फार जिव्हारी लागलं. जहाज सोडलं, जुनी गाडी घेतली. म्हणाला, आता माझं पोरगं मला ओळखेल.

आणि पोराने काय करावं? मोठा होऊन जहाजावरच गेला. वीजतंत्री, त्या पांढऱ्या तरंगत्या हॉटेलांवर. माझं कर्म, दुसरं काय!

त्या वर्षी फ्रानो घरी येऊन गेल्याला दोन नाताळ उलटले होते. जूनमध्ये त्याचा फोन आला: जहाज कोतोरला येतंय, एकदाच. नंतर ते जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, अलास्काला जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर फ्रानोही. दुपारी त्याला दोन-अडीच तास मोकळीक मिळणार होती. नोकरांनी प्रवाशांच्या आधी परतायचं असतं, म्हणजे जेवणाचे चार घास आणि निघायचं.

मी आदल्या दिवशीच ऑक्टोपस आणून ठेवला. आणि हा शहाणा मला काय सांगतो?

"येले, सकाळी एक जोडपं आहे. फक्त पेरास्त गावापर्यंत."

"डोकं फिरलंय का तुझं? मुलगा येतोय!"

"आधीच शब्द दिलाय. आणि फ्रानोच्याच जहाजावरची माणसं आहेत, इंग्रज. बाईच्या हातात काठी आहे. दीडला उचलतो, दोनला धक्क्यावर सोडतो, सव्वादोनला ताटावर हजर. फ्रानोबरोबर तास तरी मिळेल की."

"एक तास! मोठा आला दानशूर!"

पण त्याने गुळगुळीत दाढी केली होती. लग्नाकार्यातला निळा शर्ट घातला होता. मग मी बटाटे सोलायला घेतले.

त्याच्याकडे प्लायवूडची एक पाटी आहे. पुढच्या बाजूला प्रवाशांचं नाव ठळक लिहितो, आणि मागच्या बाजूला खडूने परतायची वेळ, चक्क आकड्यांत. माणसं उतरताना पाटी उलटी करून प्रत्येकाच्या नाकासमोर धरतो. बहिऱ्यालाही कळेल असा कारभार. त्या दिवशी पाटीवर होतं, मिस्टर अँड मिसेस पेंडलबरी. हे पेंडलबरी फार गोड निघाले. वाटेत त्यांनी विचारलं, तुम्हाला मुलंबाळं? झालं! आमच्या मुक्याला वाचा फुटली. फ्रानो कोण, फ्रानो कुठे, तो तुमच्याच जहाजावर आहे, तुमच्या खोलीतला दिवा लागतो तो त्याच्यामुळे. फोटो काढून दाखवले. पेरास्तला चर्चसमोर उतरवलं तेव्हाही हा बोलतच होता. पाटी सीटवर पडून राहिली. खिडकीतून हात हलवत ओरडला, "हाफ टू! इथेच! हाफ टू!"

आता आमच्या भाषेत दीड वाजला की आम्ही म्हणतो 'अर्धे दोन'. दोनाकडे निघालेला तास अर्ध्यावर आला, म्हणून अर्धे दोन. जर्मन लोकही असंच म्हणतात, त्यांच्याशी कधी घोटाळा झाला नाही. पण इंग्रजांचं 'हाफ टू' म्हणजे दोन वाजून वर अर्धा तास. अडीच! त्रिपोला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं, म्हणून तर ती पाटी. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात मुलगा होता, आणि जिभेवर आपलीच भाषा आली.

फ्रानो एकटाच घरी आला. दारातून धावतच आत, मला उचलून गरागरा फिरवलं. वाळला होता मेला. त्या जहाजाच्या पोटात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, चेहरा पिठासारखा झालेला.

"बाबा कुठाय?"

"येतोय. सव्वादोनला."

पावणेदोनला फोन वाजला.

"येले, ते आले नाहीत."

"कोण?"

"पेंडलबरी. सगळीकडे शोधलं. चर्चमध्ये बघितलं, खानावळीत बघितलं. बाईला काठी आहे गं. कुठे पडली-बिडली असेल."

"त्रिपो, ऐक माझं. ती काय कुक्कुली बाळं आहेत? टॅक्सी करून जातील. तू नीघ."

"आणि जहाज चुकलं म्हणजे?"

"चुकू दे! तुझा मुलगा इथे बसलाय!"

मग म्हणाला, "पाच मिनिटं बघतो." तेव्हाच मी ओळखलं. ताटं वाढायला घेतली.

फ्रानोने फोन हातातून घेतला. "बाबा, राहू दे. तू त्यांना घेऊनच ये. मी थांबतो." तो बापाचाच मुलगा, त्याला दुसरं काय सुचणार!

आम्ही जेवलो. फ्रानो दर दोन घासांनी खिडकीकडे बघायचा. बटाटे छान झालेत म्हणाला, आणि ताटात तसेच ठेवले. मी बापाच्या नावाने बोटं मोडली, तर मलाच म्हणतो, "आई, तो असाच आहे म्हणून तर त्याची माणसं पोचतात." मी म्हटलं, "त्याची माणसं पोचतात, तो कधी पोचतो?"

तिकडे पेरास्तला, अडीचला, समोरच्या बेटावरून येणाऱ्या होडीतून पेंडलबरी मजेत उतरले. म्हातारा घड्याळ दाखवून म्हणाला, "हाफ टू! बघा, एक मिनिट इकडेतिकडे नाही. आम्ही कधी उशीर करत नाही."

त्रिपो सांगतो, तेव्हा कुठे त्याला पाटी आठवली. चूक त्याची होती. त्याने बाईची काठी घेतली, हात धरून तिला गाडीत बसवलं आणि निघाला. पण तोवर रस्ता तुंबला होता. जहाजांच्या दिवशी आमच्या खाडीचा रस्ता म्हणजे देवाचं नाव घ्यायचं आणि बसायचं. वीस मिनिटांच्या वाटेला तास लागला. मागे पेंडलबरीबाई विचारत होत्या, "मग, भेटला का मुलगा?" त्रिपो म्हणाला, "हो, आता भेटेन."

फ्रानो अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबला. गाडीने जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून शेजारच्या मातोने त्याला आपल्या मोटरबोटीतून धक्क्यावर नेलं. दारात मला मिठी मारून म्हणाला, "निघताना मी वर येऊन उभा राहतो. मागच्या बाजूला, खालच्या कठड्याशी. बाबाला सांग." पोरगं पाण्यावरून गेलं आणि बाप रस्त्यावरून येत होता. त्रिपो धक्क्यावर पोचला तेव्हा नोकरांची बोट जहाजाला टेकलेली. त्याने पेंडलबरींना त्यांच्या बोटीत नीट बसवून दिलं. बाईंनी त्याच्या गालाचा मुका घेतला. देव तिचं भलं करो, तिचा काय दोष!

मग त्याचा फोन.

"गेला?"

"गेला. कठड्याशी उभा राहणार आहे, मागच्या बाजूला, खाली. घरी ये पटकन, गच्चीवरून दोघं मिळून कापड हलवू."

आमच्या गावात जुनी रीत आहे. घरातलं माणूस ज्या जहाजावर असेल ते घरासमोरून जाताना बाया गच्चीवरून पांढरं कापड हलवतात. पूर्वी कप्तान भोंग्याने उत्तर द्यायचे. आता वीजतंत्र्याच्या आईसाठी कोण भोंगा वाजवतो! तरी मी टेबलावरचं चादरीएवढं पांढरं कापड ओढलं, वरची भांडी तशीच जमिनीवर ठेवली आणि गच्चीवर उभी राहिले. त्रिपो आला नाही. गावाबाहेर एक बस आणि एक ट्रक समोरासमोर अडकले होते. आमचा तो रस्ता, एका बाजूला भिंत, एका बाजूला पाणी, कोण मागे सरणार?

जहाज आलं. केवढं मोठं ते, समोरचा डोंगर झाकला. मी कापड हलवलं, हात गळेपर्यंत हलवलं. मागच्या कठड्याशी एक ठिपका होता. तोही हात हलवत होता. मी रडले, सांगायला लाज कसली.

त्रिपो आला तेव्हा जहाज खाडीच्या अरुंद तोंडातून दिसेनासं झालं होतं. निळा शर्ट पाठीला चिकटलेला. दारातच उभा राहून म्हणाला, "मी गाडी तिथेच सोडली. समुद्राच्या भिंतीवर चढलो. पांढरं काही नव्हतं जवळ, पाटी होती. तीच हलवली. दोन्ही हातांनी, वर-खाली करत."

"बरं केलंस."

"मागे सगळे भोंगे वाजवत होते. शिव्या घालत होते."

"घालू देत. बस, जेव."

तो हात धुवायला गेला आणि फोन वाजला. फ्रानो होता. नेटवर्क जायच्या आत बोलून घ्यायचं म्हणून धापा टाकत होता.

"आई! तुझं कापड दिसलं गं. पण रस्त्यावर भिंतीवर कोण होतं? हातात पाटी, मिस्टर अँड मिसेस पेंडलबरी. बाबा होता ना? निळा शर्ट?"

"होता रे. तोच होता."

तो हसला. मग हसू अर्ध्यातच थांबलं. "मी खूप हाका मारल्या. पण पाटी मधेच येत होती. नाव वाचता आलं, तोंड काही दिसलं नाही." आणि लाइन तुटली.

त्रिपो टॉवेलला हात पुसत आला, फ्रानोच्या खुर्चीवर बसला. गार झालेला ऑक्टोपस मी त्याच्यापुढे सरकवला. त्याने बूटही काढले नव्हते.

"फ्रानो होता का? काय म्हणाला? दिसलो का मी त्याला?"

"दिसलास," मी म्हटलं. "अगदी स्पष्ट दिसलास."

"मग झालं," म्हणाला, आणि जेवायला लागला.