जुन्या सास्तूरचा बटवडा

लोहाऱ्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक दारात येतं आणि म्हणतं, "काय झालं न्हाय, नुसतं चालू होईना." काही झालं नसतं तर इकडं कशाला आला असता, असं माझ्या ओठावर येतं, आणि बहुतेक वेळा बाहेरही पडतं.

सोमलिंगकाकांनाही मी तसंच बोललो. त्याचं अजून वाईट वाटतं. काका सास्तूरचे, सत्तरी गाठलेले, रिटायर पोस्टमन. सकाळच्या जीपनं आले होते. धोतराच्या फडक्यात बांधलेला लॅपटॉप त्यांनी पोटाशी धरला होता. चालू केला की काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, तर डिस्कची जागा रिकामी. म्हणजे ज्या हार्ड डिस्कवर सगळं साठवलेलं असतं, तीच मशीनला दिसत नव्हती.

"पाडलाय का?"

"न्हाय."

"काका, कोपरा चेपलाय. खरं सांगा."

काका म्हणाले, "शेजारच्या रानात विहिरीला सुरुंग लावला. भुई हादरली. म्या हे उचललं अन् भाईर पळालो. चार्जरची वायर भिंतीलाच व्हती, हिसका बसला. उंबऱ्यात हातातनं सुटलं."

"जीव घेऊन पळायचं सोडून लॅपटॉप कसला घेऊन पळता?"

"त्र्याण्णवच्या भूकंपात तसाच पळालो व्हतो," काका म्हणाले. "रिकाम्या हातानं. मालकीण आतच ऱ्हायली."

मी स्क्रू काढायला घेतले.

शेवटचा स्क्रू काढता काढता विचारलं, "ह्यात आहे तरी काय, काका?"

"जुन्या गावाचा बटवडा."

पोस्टमन गल्लीगल्लीनं घरोघर टपाल वाटतो, तो बटवडा. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात प्लॉट पडले, घरांना नंबर आले, आणि पिढ्यान् पिढ्यांचे शेजारी चार दिशांना गेले. जुन्या गावात कुणाच्या घरानंतर कुणाचं घर, हे सलग सांगू शकणारे आता काका एकटेच उरले होते. त्यांनी सगळं आधी वहीत लिहिलं, तर वहीला वाळवी लागली. मग पुतण्यानं त्याचा जुना लॅपटॉप दिला. सहा वर्षं ते एका बोटानं टाइप करत होते. दारं, दारांतली माणसं, कुणाच्या अंगणात लिंब होता ते. दुसरीकडं कॉपी नव्हती.

"आता पुन्यांदा व्हायचं न्हाय माझ्याच्यानं," ते म्हणाले. "निम्मं इसरलोय."

डिस्क काढली, टोकं पुसली, परत बसवली. दिसेना. मग ती बाहेरच्या केसिंगमध्ये घालून माझ्या कॉम्प्युटरला लावली आणि कान जवळ नेला. खराब डिस्क आतून टकटक करते. ही नुसती हळू फिरत होती. पडद्यावर फोल्डर उघडला. डिस्क शाबूत होती. आदळल्यानं गेली होती ती तिला मशीनशी जोडणारी पट्टी. तशीच पट्टी मी भंगारातल्या एका लॅपटॉपची काढून बसवली.

लॅपटॉप सुरू झाला. मी काकांना न विचारता दोन पेनड्राइव्हवर कॉपी काढली. एक त्यांना दिला, एक माझ्या गल्ल्यात ठेवला. "आता हे एकदम जाणार नाही. जमीन हादरली तर तुम्ही निवांत बाहेर पडा," म्हटलं. काका हसले नाहीत, उठलेही नाहीत.

"जीपला वेळ आहे का?" मी विचारलं.

"जीप हाय. एक काम व्हतं, मालक. ह्यातली एक गल्ली मोठ्यानं वाचता का? पुतण्या तवा लहान व्हता, त्याला काय ठावं न्हाय. लई वरसं झाली, ही नावं दुसऱ्याच्या तोंडनं ऐकली न्हाईत. घरात म्याच म्हणतो, म्याच ऐकतो."

भूकंपाच्या वेळी मी जन्मलोही नव्हतो. तरी वाचायला लागलो. मारुतीच्या देवळापासून डावीकडं, पहिलं दार बब्रुवान सुताराचं. दुसरं मार्तंडकाका, घरात सात माणसं, एक म्हैस. सोमलिंगकाका डोळे मिटून बसले होते आणि प्रत्येक दारापाशी मान हलवत होते. त्यांची बोटं मांडीवर पत्रं मोजल्यागत चालली होती. एवढी माणसं एका गल्लीतली, आणि ती अशी दारादारानं सलग सांगू शकणारा हा एकच माणूस माझ्यासमोर बसलेला. मी पुढची दारं सावकाश वाचायला लागलो.

अकरावं दार आलं. "सोमलिंग पोस्टमन," मी वाचलं. "बायको, गंगम्मा."

काकांची बोटं थांबली. बाहेर जीपवाला सास्तूर, सास्तूर म्हणून ओरडत होता.

"तेवढं पुन्यांदा म्हना," काका म्हणाले.


"गंगम्मा," मी म्हणालो.