किल्लीवालीचे मरण

दुर्बीणकाकांच्या पत्नी स्टुलावरून पडल्या आणि त्यांचे डावे मनगट मोडले, ही बातमी कचेरीत पोहोचली तेव्हा आमच्या संपादकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "मग आता कादंबरीचं काय?"

प्रश्न निर्दय होता, पण गैरवाजवी नव्हता. तो कळायला आधी दुर्बीणकाका कळायला हवेत.

ते आमच्या साप्ताहिकाचे मुद्रितशोधक. छापखान्यामागच्या अरुंद खोलीत ते सव्वीस वर्षे बसत होते, आणि त्यांच्या नजरेतून चूक सुटलीच तर ती चूक नसून नवा नियम असेल, असे खिळे जुळवणारे जुळारी गमतीने म्हणत. पूर्वी त्या खोलीत दोघे असत. एकाने मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर पेन्सिल चालवायची. काकांचा जोडीदार निवृत्त झाला आणि त्याची जागा कधी भरलीच नाही. तेव्हापासून वाचणारे काकाच आणि ऐकणारेही काकाच. दाराबाहेरून जाताना कायम एक गुणगुण ऐकू येई : "सभा उधळली गेली स्वल्पविराम परंतु अध्यक्षांनी अर्धविराम..." आम्हाला तिची इतकी सवय झाली होती की ती थांबली तर आम्ही माना वर करत असू.

या माणसाचे दुसरे आयुष्य दुपारी चारला सुरू होई. एकोणीस वर्षे आमची क्रमशः कादंबरी तेच लिहीत. दर आठवड्याला एक प्रकरण, एकदाही चुकलेले नाही. त्यांची पत्नी व्हायोलिन शिकवीत. मुलांची शिकवणी संपली की चार ते सहा त्या बाहेरच्या खोलीत स्वतःचा सराव करत, आणि मधले दार लावून काका आतल्या खोलीत लिहीत. वादन नाही तर लेखन नाही, हे त्यांनी कधी लपवले नव्हते.

मी नोकरीत नवा असताना भीत भीत त्यांना एक गोष्ट दाखवली होती. त्यांनी ती पेन्सिल न लावता परत केली. यापेक्षा वाईट शेरा असू शकत नव्हता.

"तुझी माणसं चालतात बरी," ते म्हणाले, "पण श्वास घेत नाहीत. वाजवणं ऐकत जा. गाणं नको, नुसतं वाजवणं. गाण्यात शब्द असतात, आणि शब्द दिसले की आपण उसने घेतो. व्हायोलिनचा गज जिथं उलटा फिरतो ना, तिथं माणसाचं मन फिरतं. आमच्या मंडळींनी मंद्रातलं काही संथ काढलं की माझं वाक्य आपोआप लांबतं. मग मी काही करत नाही. मागोमाग जातो."

मी महिनाभर रेडिओ लावून लिहिले. माझी नायिका पेंगू लागली.

"आणि वहिनी काय म्हणतात तुमच्या कादंबऱ्यांना?" मी एकदा विचारले.

"ती वाचतच नाही. तिनं माझं वाचायचं नाही, मी तिच्या वाजवण्यावर बोलायचं नाही. संसार टिकलाय तो या करारावर. अंक घरी येतो तो घडी न मोडता रद्दीत जातो." हे त्यांनी काहीशा अभिमानाने सांगितले.

त्या वर्षीची कादंबरी एका कुलपे दुरुस्त करणाऱ्या विधवेची होती. वाचक तिला किल्लीवाली म्हणत. ती शहरभरची अडलेली कुलपे उघडून देते, आणि त्यामुळेच कुठे चोरी झाली की संशय तिच्यावर येतो. मागच्या प्रकरणात नदीला पूर आला होता. नदीकाठच्या वखारीत सहा हमाल अडकले होते, आणि किल्लीवाली गुडघाभर पाण्यातून त्या दिशेने निघाली होती. एकच प्रकरण उरले होते. वाचकांची पत्रे पोत्याने येत होती. अशा वेळी वहिनींचे मनगट मोडले.

काका रजेवर होते. प्रकरण सोमवारी यायचे ते बुधवारी सकाळपर्यंत आले नाही, तेव्हा संपादकांनी मला त्यांच्या घरी पाठवले.

दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी वाद्याची पेटी बंद ठेवलेली, आणि खुर्चीत वहिनी, प्लास्टरमधला हात उशीवर. मधले दार लावलेले.

"या भाऊजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बसा. आत चाललंय, पण चालत नाहीये. दोन दिवस झाले. काल शेजारून ग्रामोफोन आणून पाहिला. दहा मिनिटांत परत नेऊन दिला, म्हणाले ही तबकडी माझं ऐकत नाही."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढे झुकून म्हणाल्या, "तुम्ही त्यांना एक सांगाल का? माझं नाव न घेता. किल्लीवालीला बुडवू नका म्हणावं."

शेवट काय होणार हे संपादकांना माहीत नव्हते, मला माहीत नव्हते. आणि या बाई तर कादंबरी वाचतच नव्हत्या.

"ती बुडणार आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी बोट ओठांवर ठेवले आणि दाराकडे नजर टाकली. तेव्हा मला ऐकू आले. आतून, संथ, स्पष्ट, मी रोज कचेरीत ऐकत होतो तोच आवाज : "पाणी कमरेला लागलं स्वल्पविराम तिनं जुडगा दातांत धरला स्वल्पविराम आणि दाराला हात घातला पूर्णविराम. नाही. खोडा."

गावाकडे गिरणीवाल्याला गिरणी ऐकू येत नाही म्हणतात. तशी काकांना स्वतःची गुणगुण ऐकू येत नव्हती. ते लिहिताना प्रत्येक ओळ स्वतःला वाचून दाखवत होते, आणि ज्या भिंतीतून त्यांना व्हायोलिन ऐकू येत होते तिला दुसरीही बाजू होती, हे चुका शोधण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या ध्यानात आलेच नव्हते.

"किती वर्षं?" मी विचारले.

"पहिल्यापासून. सुरुवातीला मी कान बंद करून वाजवायची. करार म्हणजे करार. पण दुसऱ्या वर्षी त्यांनी एका सुनेकडून म्हातारीला घराबाहेर काढवलं. काय दोष होता हो तिचा? नुसती खोकायची. मला बोटं हलवेनात. सरावाची वही मिटली आणि माझी आई झोपवताना गुणगुणायची ते काढलं, अगदी हळू. आत वाचणं थांबलं. कागद फाडल्याचा आवाज आला. आणि थोड्या वेळानं ऐकते तर काय, सून दार उघडतेय. हातातून गज पडला माझ्या."

"आणि मग?"

"मग सवय लागली. वाईट सवय. कुणाचं लग्न मोडायला निघाले की मी चाल बदलायची. फार रडारड झाली की द्रुत वाजवायची, ते आवरतं घ्यायचे. सगळं नाही हं माझं. खलपुरुषांना मी कधी हात लावला नाही. ते त्यांना छान जमतात."

हे बोलताना त्या हसल्या, आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आले की आतली गुणगुण केव्हाच थांबली आहे.

दार उघडले. काका चौकटीत उभे होते, पेन्सिल हातात. त्यांचा चेहरा मी मोठमोठ्या चुका सापडतानाही असा पाहिलेला नव्हता. रागाचा लवलेश नव्हता. जिना संपला असे समजून पाऊल टाकावे आणि आणखी एक पायरी निघावी, तसा तो चेहरा होता.

"कुठल्या कुठल्या?" त्यांनी विचारले.

"अहो, आधी बसा."

"नावाड्याची?"

"ती तुमची."

"दोन भावांची?"

"वाटणीपर्यंत तुमची."

"घड्याळजी आंधळा होतो ती?"

"तो तुम्ही केलात आंधळा. मी तीन दिवस झगडले, तुम्ही ऐकलं नाहीत."

"आणि म्हातारी परत घरात येते ती? तिला पारितोषिक मिळालं होतं."

वहिनींनी खिडकीशी ठेवलेल्या पेटीकडे पाहिले.

"त्या दिवशी मी तुला तारांचा नवा संच आणला होता," काका म्हणाले. "तू म्हणालीस, कशाला उगीच. मी काय केलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण मला पाहिले असे वाटत नाही. मग आत जाऊन दार लावले. या वेळी कडी लावल्याचा आवाज आला.

आम्ही दोघे ऐकत बसलो. आतून काहीच आले नाही. शब्द नाही, स्वल्पविराम नाही. नुसती पेन्सिल कागदावर घासत होती. वहिनींचा उजवा हात प्लास्टरच्या कडेवरून पुनःपुन्हा फिरत होता. "एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही," त्या पुटपुटल्या. "काय लिहितायत कळतच नाहीये." सव्वा तासाने कडी निघाली. काकांनी बंद पाकीट माझ्या हातात ठेवले. त्यांच्या दुसऱ्या हातातल्या एका पेन्सिलीवर मधोमध दातांच्या खोल खुणा होत्या. ती आडवी तोंडात धरून दुसऱ्या पेन्सिलीने त्यांनी पूर्ण प्रकरण लिहिले होते.

"काय झालं तिचं?" वहिनींनी विचारले. मला नव्हे, त्यांना.

"अंक गुरुवारी निघतो," काका म्हणाले. "सगळे वाचतात तेव्हा वाच."

मी पाकीट जिन्यातच फोडले. हमाल मागच्या खिडकीतून सुटतात. किल्लीवाली मात्र वखारीत शिरलेली असते, तिच्यामागे दार पाण्याच्या रेट्याने लागते, आणि ते कुलूप तिला उघडत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची दारे उघडणारी बाई एका दाराशी मरते. काकांनी इतके उत्तम कधी लिहिले नव्हते, आणि इतके थंडही.

गुरुवारी अंक निघाला. शनिवारी पत्रांचे पोते आले. कुणी शिव्या दिल्या, कुणी श्रद्धांजली वाहिली, एका शाळामास्तरांनी वर्गणी बंद केली. त्यांतून पानभर पत्रे निवडून मी जुळणीला दिली. एका पत्रावरचे अक्षर गोल आणि सावकाश होते. खालचे नाव मी दोनदा वाचले. निवडावे की नाही याचा विचार करायला मला दुपार लागली. शेवटी वाचकाचे पत्र म्हणून निवडले.

सोमवारी सकाळी पत्रांचे पान तपासणीसाठी काकांच्या टेबलावर गेले. मी मुद्दाम दाराशी रेंगाळलो. गुणगुण सुरू झाली. पहिले पत्र गेले, दुसरे गेले.

"संपादक महाशय स्वल्पविराम स.न.वि.वि. किल्लीवाली मेली याबद्दल माझी तक्रार नाही पूर्णविराम तो लेखकाचा अधिकार आहे पूर्णविराम परंतु सातव्या प्रकरणात तिने याच वखारीचे हेच कुलूप अंधारात स्वल्पविराम डाव्या हाताने स्वल्पविराम केसातल्या आकड्याने उघडले होते पूर्णविराम ज्या दाराशी ती मेली त्या दाराशी ती मरू शकत नाही पूर्णविराम मारायचीच असेल तर..."

गुणगुण थांबली. खालचे नाव काकांनी वाचले नाही. वाचायची गरज नव्हती.

"सातवं प्रकरण काढ," ते मला म्हणाले.

मी अंक आणून दिला. त्यांनी बोट ठेवून वाचले, या वेळी मनात. मग चष्मा काढला. दुसऱ्यांच्या लाखो चुका पकडलेल्या माणसाने एक बाई चुकून मारली होती. लिहिताना पेन्सिल दातांत धरून ठेवली होती, म्हणून ओळ कानावर पडली नाही, आणि कानावर न पडलेली चूक त्यांना दिसली नाही.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "पत्र छाप. नावासकट."

"आणि कादंबरी?"

"कुलूप उघडतं, म्हणजे ती संपलेली नाही."

संपादक तासभर ओरडले. श्रद्धांजल्या जुळवून झाल्या आहेत, मेलेली बाई परत आणायला हे काय नाटक आहे, असे बरेच काही. काकांनी ते उभ्याने ऐकून घेतले, कोट चढवला, आणि सव्वीस वर्षांत प्रथमच पाळी अर्धी टाकून निघाले. संध्याकाळी प्रकरण हवे होते, म्हणून मला त्यांच्यामागे धाडण्यात आले.

वहिनी खुर्चीतच होत्या. काकांना भर दुपारी दारात पाहून त्या उठू लागल्या. काकांनी त्यांना खुणेने बसवले, आतून आपले टेबल स्वतः ओढत आणले आणि त्यांच्या खुर्चीसमोर लावले. टेबलाचा एक पाय उंबऱ्याला अडला तो मी सोडवला.

"वाचलंस म्हणे," काका कागद सरळ करत म्हणाले.

"विकत घेऊन. घरी आलेला अंक तुम्हीच उशाखाली ठेवला होतात."

"ती मरणार आहे. आधीच सांगून ठेवतो."

"मरू दे की. मी कुठं नाही म्हणतेय? पण कुलपानं नाही."

"मग कशानं?"

"ते मला काय विचारता? मारणं तुमचं खातं."

"म्हणजे जगवणं तुझं?"

"मी तसं म्हटलं का? लिहा तुम्ही. पण मोठ्यानं लिहा."

काकांचे ओठ दोनदा हलले आणि दोनदा मिटले. आपण ऐकले जात आहोत हे माहीत असताना बोलायचे कसे, हे त्यांना त्या वयात नव्याने शिकायचे होते, आणि ते मला पाहवत नव्हते. मी खिडकीकडे तोंड केले. खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी उलटी वळवत होते.

"तिनं," काका अखेर म्हणाले, आणि थांबले.

"हं," वहिनी म्हणाल्या. "तिनं काय?"