बॉनेट उघडण्याआधी

माझ्या मोठ्या जावेला सगळी गल्ली वहिनी म्हणते, मीही म्हणते. साठीला आलेल्या, बुटक्या, ड्रायव्हरच्या सीटवर उशी ठेवून बसणाऱ्या. गाडी त्या उशिरा शिकल्या. आधी भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, शिकवायला घेतलं. पहिल्याच वळणावर ते एवढे ओरडले की वहिनींनी गाडी कडेला लावली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि चालत घरी आल्या. मग कोणाला न सांगता क्लास लावला. परवाना आला तेव्हा भाऊजी म्हणाले, हल्ली कोणालाही देतात.

भाऊजींनी नवी गाडी घेतल्यावर जुनी पांढरी गाडी वहिनींकडे आली, जशी घरातली जुनी कपाटं आणि फुटक्या दांड्यांचे कप येतात. तिचं मागचं एक दार उचलून लावावं लागतं. वहिनींनी कुरकुर केली नाही. त्यांना गाडी एकाच कामासाठी हवी होती. त्यांच्या आईला झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली होती. आई वहिनींच्या भावाकडे गावाच्या एका टोकाला, व्यायामाचं केंद्र दुसऱ्या टोकाला. दिवसाआड वहिनी आईला खांद्याचा आधार देऊन खाली आणायच्या, पुढच्या सीटवर बसवायच्या आणि व्यायामाला न्यायच्या. कित्येक महिने काहीच हललं नाही. मग एक दिवस त्या हातानं कंगवा धरला. केंद्रातल्या बाईंनी बजावलं, आता खंड पडू देऊ नका, आता थांबलात तर हे हातचं जाईल.

आईचं बोलणं मात्र एकेका शब्दावरच राहिलं. तशी ती मूळचीच कमी बोलणारी. जावई नव्या गाडीचं कौतुक अर्धा तास सांगत होते तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'पुरे.'

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती व्यायामाच्या केंद्राबाहेर. आई सीटवर, ऊन तोंडावर, आणि किल्ली फिरवली तर नुसतं टक्. वहिनींनी भाऊजींना फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न, दिवे चालू ठेवले होतेस का. नाही म्हटलं. मग ठेवलेच असशील, आठवत नसेल, असं उत्तर आलं. मेकॅनिक आला, बॉनेट उघडलं, आत हात घालून दोन-चार वायरी दाबल्या, हलवल्या, आपल्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू केली आणि मीटर लावून बघितलं. चार्जिंग उत्तम. त्यानंही तेच सांगितलं, आणि वहिनींना नाही, फोनवर भाऊजींना सांगितलं: गाडीत काही नाही साहेब, मॅडमनी दिवे बंद केले नसतील.

काही दिवसांनी पुन्हा तेच. नवी बॅटरी आली. नवी बॅटरीही आडवी झाली. गाडी गॅरेजमध्ये ठेवून घेतली, बॉनेट उघडलं, तपासलं, दोष नाही. भाऊजींनी स्वतः ती चार-पाच दिवस ऑफिसला नेली. एकदाही बंद पडली नाही. जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या हातात ती गुणी बाळासारखी चालते, आता माणसाचा हात गाडीला कळतो त्याला मी काय करू. माझा नवरा हसला. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा थांबला, पण हसून झालं होतं.

वहिनी वाढत होत्या. हातातला डाव तसाच धरून त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलते की मला दिसत नाही, दोन्हीतलं एक काय ते ठरवा. रोज वेगळं नको."

कोणी काही ठरवलं नाही. ठरलं ते भलतंच. भाऊजी आणि वहिनींचा भाऊ फोनवर बोलले आणि दोघांच्या मते सगळ्यांच्या सोयीचं असं निघालं की गाडी विकून टाकावी. वाटेत म्हाताऱ्या माणसाला घेऊन अडकण्यापेक्षा आईनं घरीच व्यायाम करावा. भाऊ वहिनींना म्हणाला, ताई, बघून बघून आम्हालाही येतंच की. हा तोच भाऊ, ज्याला आईच्या चपलेचा पट्टा लावता येत नाही. भाऊजींच्या ऑफिसातला एक जण गाडी बघायला रविवारी येणार होता.

मला राग आला तो गाडी विकण्याचा नाही. राग याचा की एवढ्या सगळ्यांत वहिनींना कोणी एकदाही विचारलं नाही की बंद पडायच्या आधी नेमकं काय होतं. सासूबाईंच्या दुखण्यात डॉक्टर निदान तेवढं तरी विचारायचा. इथे गाडी चालवणारी बाई सोडून बाकी सगळ्यांची मतं घेऊन झाली होती.

वहिनींना सांगायचं होतं. किल्ली अर्धी फिरवली की पुढे काही दिवे लागतात, त्यात एक बॅटरीचा लाल दिवा असतो. इंजिन सुरू झालं की तो विझतो. वहिनी म्हणायच्या, ज्या दिवशी गाडी दगा देते त्या दिवशी निघताना तो लाल दिवा लागलेलाच नसतो. आईलाही ते दिसलं होतं. पुढे बसून तिला दुसरं कामच काय. पण भाऊजींना हे सांगितल्यावर त्यांनी लहान मुलाला समजवावं तसं समजावलं, अगं, लाल दिवा म्हणजे धोका, तो लागला तर सांग, लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे. वहिनींनी मान हलवली आणि भाजी चिरायला घेतली. ती भाजी इतकी बारीक चिरली गेली की शिजल्यावर सापडेना.

त्या आठवड्यात त्या रोज सकाळी खाली जायच्या, किल्ली अर्धी फिरवायच्या, दिवा बघायच्या, परत यायच्या. भाऊजी म्हणाले, निरोप घेतेयस वाटतं गाडीचा.

शुक्रवारी सकाळी खालून माझ्या नावानं हाक आली. मी गॅलरीतून बघितलं तर वहिनी गाडीच्या बॉनेटवर बसलेल्या. मांडीवर पर्स, पाय लोंबकळतायत, जमिनीला टेकत नाहीत. मी धावत खाली गेले.

"आज दिवा लागला नाही," त्या म्हणाल्या. "मेकॅनिकला फोन केलाय. तो येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही. तू इथेच उभी राहा."

भाऊजी अर्ध्या दाढीला साबण लावलेले खाली आले. त्यांना बॉनेट उघडून बघायचं होतं. त्यांना कायमच बॉनेट उघडून बघायचं असतं. वहिनी उतरेनात. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या.

"अगं उतर. लोक बघतायत."

"बघू देत. इतके दिवस कोणीच बघत नव्हतं."

मेकॅनिक आला तो सवयीनं थेट पुढे, हात बॉनेटकडे. वहिनींनी तिथूनच त्याला गाडीत बसायला सांगितलं. किल्ली अर्धी फिरव म्हणाल्या. फिरवली. बॅटरीचा लाल दिवा लागला का विचारलं. तो म्हणाला नाही. लागायला हवा का विचारलं. तो जरा थांबला आणि हवा म्हणाला. भाऊजी म्हणाले, बल्ब गेला असेल. मेकॅनिकनं किल्लीवरचा हात काढला आणि पहिल्यांदाच वहिनींकडे बघून विचारलं, असं दर वेळी होतं का मॅडम?

"दर वेळी. आणि तुम्ही येऊन गेलात की लागतो."

मग त्या उतरल्या. बॉनेट उघडा म्हणाल्या, पण मीटरचे दोन चिमटे बॅटरीला लावायचे आणि हात मागे घ्यायचे. तो हसला, पण त्यानं तसंच केलं. हात पाठीमागे बांधून उभा राहिला, शाळेत उभा करतात तसा. मी गाडी सुरू केली. सुरू झाल्यावर मीटरचा आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा, एवढं इतक्या दिवसांत आम्हा बायकांनाही पाठ झालं होतं. आकडा बारावरच राहिला. मग हळूहळू उतरायला लागला. इंजिन फिरत होतं आणि बॅटरीत काहीही येत नव्हतं. गाडी साठवणीतलं खात होती, संपलं की बसणार होती.

तेवढ्यात भाऊजींचा हात आत गेला. ही वायर जरा, असं काहीतरी ते म्हणत होते. वहिनींनी तो हात मनगटाला धरून बाहेर काढला. लग्नानंतर चारचौघांत त्यांनी भाऊजींचा हात धरलेला मी प्रथमच बघितला.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच करता तुम्ही सगळे. आधी हात घालायचा, मग बघायचं, आणि मग म्हणायचं काही नव्हतंच."

मग त्यांनी मेकॅनिकला सांगितलं, आता एकेका ठिकाणी हात लावा, आणि प्रत्येक वेळी आकडा बघा. बॅटरीच्या जाड वायरी हलवल्या, फरक नाही. अर्थिंगच्या जोडणीला हात लावला, फरक नाही. मग त्यानं अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनच्या जोरावर बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या, मागचा अंगठ्याएवढा एक प्लग दाबला. इंजिन किंचित दबल्यासारखं झालं आणि आकडा टुणकन चौदावर गेला. प्लग जरा मागे ओढून त्यानं गाडी बंद केली आणि किल्ली फिरवली, दिवा नाही. दाबला, दिवा लागला.

प्लगची अडकवणारी खुंटी तुटलेली होती, आतली पिन हिरवी पडली होती. रस्त्याच्या हादऱ्यांनी तो काही दिवसांत सरकायचा. त्यातूनच त्या लाल दिव्याची वायर येते आणि तिच्याच इशाऱ्यानं अल्टरनेटर जागा होतो. वायर सुटली की दिवाही नाही आणि चार्जिंगही नाही. आणि बॉनेट उघडणाऱ्या प्रत्येकाचा हात त्या प्लगवरून जायचाच, कारण तो अगदी हाताशी होता. प्रत्येकानं नकळत गाडी दुरुस्त केली होती आणि मग वहिनींना नावं ठेवली होती.

मेकॅनिकनं नवा प्लग बसवला. निघताना तो वहिनींपाशी थांबला, काहीतरी म्हणणार होता, पण म्हणाला ते भाऊजींना: साहेब, सापडलं. भाऊजींनी तिथूनच वहिनींच्या भावाला फोन लावला. मेकॅनिकला समोर उभा करून मी नीट तपासायला लावलं, म्हणाले. गालावर साबण सुकला होता.

मला वाटलं, चला, निदान गाडी तरी राहिली. दुपारी वहिनींनी रविवारच्या माणसाला नाही म्हणून कळवायला सांगितलं तेव्हा भाऊजी चकित झाले. नाही कशाला? आता तर दोष निघाला. आता ती चांगली विकली जाईल.

वहिनी कपडे घड्या करत होत्या. "बिघडली होती म्हणून विकायची," त्या म्हणाल्या, "आणि सुधारली म्हणूनही विकायची."

"तसं नाही. पण आता शब्द दिलाय मी."

"कोणाला दिलात?" वहिनींनी विचारलं, आणि भाऊजी पेपर शोधायला लागले.

रविवारी सकाळी वहिनींनी मला खाली बोलावलं, पर्स घेऊन ये म्हणाल्या. आम्ही आईला घेतलं. भावानं विचारलं, आज कुठे, आज केंद्र बंद असतं. वहिनी म्हणाल्या, रस्ते उघडे असतात. आईला पुढे बसवलं. मी मागे, उचलून लावायच्या दारापाशी. वहिनींनी किल्ली अर्धी फिरवली.

"लागला," आई म्हणाली.

इंजिन सुरू झालं.

"गेला," आई म्हणाली, आणि आम्ही निघालो.

तळ्याकडच्या रस्त्याला झाडाखाली गाडी लावून आम्ही थर्मासमधला चहा घेतला. आईनं कप उजव्या हातात घेतला. हात थरथरत होता, वहिनींनी खाली रुमाल धरला, पण कपाला हात लावला नाही. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. त्यांचे हात गुंतलेले, मी उचलला. भाऊजी होते. गाडी घेणारा माणूस येऊन उभा आहे, तुम्ही आहात कुठे, गाडी कुठे आहे, असं ते दबक्या आवाजात विचारत होते. फोनवर हात ठेवून मी वहिनींना विचारलं, काय सांगू?

वहिनींची नजर कपावर होती.

"सांग, बंद पडली आहे."

मी सांगितलं. भाऊजी एक क्षणही थांबले नाहीत. तो माणूस शेजारीच उभा आहे हेही विसरले आणि चढ्या आवाजात म्हणाले, "मला माहीतच होतं. दिवे चालू ठेवले असणार हिनं."