पावणे अकरा

"मेले बन्नी," जिन्यावरून वाकून नर्सबाई म्हणाल्या. कानडीत याचा अर्थ 'वर या', एवढाच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा हा शब्द ऐकला की माझी पाचावर धारण बसायची. सासूबाई माळ्याकडे बोट दाखवून "डबा मेले आहे" म्हणायच्या आणि माझ्या हातातलं भांडं खाली पडायचं. माझ्या धाकट्या दिराने, मानोजी भावजींनी, तेव्हा हसू दाबत समजावलं होतं, "वैनी, इथं मेले म्हटलं तर कोण मरत नाही. मेले म्हणजे वर." ऑगस्टमधल्या त्या दुपारी इस्पितळाचा जिना चढताना मी तेच मनाशी घोकत होते. यजमान पुढे, मी मागे. वर पोहोचलो तर डॉक्टर दारातच उभे होते... भावजी गेले होते.

वय अठ्ठेचाळीस. डेंग्यू. दीड किलोमीटर पोहून, चाळीस किलोमीटर सायकल मारून, त्यावर दहा किलोमीटर धावणारा माणूस एका डासाने नेला. मला अजून याचा राग येतो, आणि तो कोणावर काढायचा हे कळत नाही म्हणून जास्तच येतो. चौथ्या दिवशी ताप उतरला तर हे गृहस्थ बन्नीमंटपाच्या मैदानावर चालायला गेले होते. "अय्यो वैनी, दोनच फेऱ्या मारल्या, साकु," म्हणाले. साकु म्हणजे पुरे. त्या माणसाने आयुष्यात पुरे म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळात न्यावं लागलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या नर्सबाईंनी आम्हाला वर बोलावलं.

आमचं सासर म्हणजे म्हैसूरच्या जुन्या मराठा घरांपैकी एक. पूर्वज राजाच्या घोडदळात होते म्हणतात. आता घोडे गेले, नावापुढचं 'राव' तेवढं राहिलं. मानोजी भावजी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये शिकवायचे. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी दहा वर्षं विचारलं आणि मग सोडून दिलं. चाळिशीत डॉक्टरांनी साखरेची भीती घातली आणि यांनी सायकल घेतली. आधी रोज सकाळी बन्नूरपर्यंत जाऊन यायचे, मग येलवालच्या पुढे, मग हुणसूरपर्यंत. उसाच्या ट्रॅक्टरांना चुकवत घामाघूम होऊन परत आले की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तांब्याभर ताक प्यायचे आणि आज कोणत्या गावातलं कुत्रं मागे लागलं ते सांगायचे. इथवर सगळं छान होतं. पण कुठून तरी ते ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकाच दमात, डोक्यात शिरलं, आणि आमच्या घराचं स्वास्थ्य गेलं.

कारण पोहायला येत नव्हतं. शेहेचाळिसाव्या वर्षी तरणतलावावर सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं राहून शिकले. पोरं महिन्याभरात सुरसुर पोहायला लागली, यांना सहा महिने लागले. यजमान रोज चिडवायचे, "काय रे, आज किती पाणी प्यायलास?" हे शांतपणे उत्तर द्यायचे, "कालच्यापेक्षा कमी, अण्णा." त्यांची मागणी फार मोठी नव्हती हो. पहिला नंबर नको, बक्षीस नको. एकच शर्यत, दिलेल्या वेळेच्या आत, पुरी करायची. नावापुढे 'पूर्ण' असं लिहिलेलं एकदा बघायचं. या उन्हाळ्यात त्यासाठी तीन शर्यती ठरवल्या, आणि तिन्हींनी त्यांचा अंत पाहिला.

पहिली एप्रिलच्या सुरुवातीला, बंगळूरकडच्या एका तलावात. तलावाला तरणतलावासारख्या तळाशी रेघा नसतात, हे यांना पाण्यात उतरल्यावर कळलं. मान खाली घालून हे मन लावून पोहत राहिले ते थेट पलीकडच्या वेताच्या बेटाकडे. शेवटी होडीवाल्यांनी गाठून वर घेतलं. घरी आले ते कानात पाणी आणि तोंड एवढंसं. दुसरी त्याच महिन्याच्या अखेरीस, समुद्रकाठी. या वेळी पोहणं वेळेत झालं! तिथून फोन करणाऱ्या मित्राच्या आवाजावरून वाटलं, आता झालंच. पण सायकलचं चाक पंक्चर झालं. ट्यूब बदलली. पाच किलोमीटरवर पुन्हा पंक्चर झालं, आणि जवळ दुसरी ट्यूब नव्हती. त्या उन्हात सायकल खांद्यावर टाकून हे तीन किलोमीटर चालत आले, ते सुद्धा अनवाणी, कारण सायकलच्या बुटांनी चालता येत नाही. तळपाय असे भाजले होते की आठवडाभर मी कोरफड लावत होते आणि लावता लावता बोलत होते. "कशाला हा जिवाचा आटापिटा? कोणाला काय दाखवायचंय?" त्यांनी नुसता पाय पुढे केला. "वैनी, टाच राहिली."

तिसरी मेमध्ये, कोल्हापूरकडच्या एका तळ्यावर. माझी धाकटी बहीण तिथून जवळच राहते, म्हणून या वेळी मीही गेले. एक अट घालून. "दम लागला तर चालायचं. वेळ हातात असेल तर उगाच धावायचं नाही. कबूल?" ते म्हणाले, "कबूल." आदल्या रात्री बहिणीकडे जेवताना भावजी भलतेच खुशीत होते. महाराष्ट्रात, मराठी लोकांत शर्यत! बहिणीचे सासरे त्यांचं मराठी ऐकून गालात हसत होते, आणि हे आपले "जेवण बहळ चांगलं आहे" म्हणत, बहळ म्हणजे फार, दुसरी भाकरी मागून घेत होते.

आता इथे मला थोडं थांबून एक गोष्ट सांगावी लागेल. म्हैसूरच्या आमच्या घरात मराठी बोलतात, पण घड्याळ कानडी आहे. सव्वा आणि पावणे हे शब्द या घरात नाहीतच. सव्वादहा वाजले की 'दहा काल' म्हणायचं, कानडीत काल म्हणजे पाव. आणि पावणे अकरा वाजले की 'दहा मुक्काल', म्हणजे दहा आणि वर पाऊण. नवी नवरी असताना "काल वाजले" ऐकून मी फार हसले होते. पुढे मीही तसंच बोलायला लागले, आणि माझे शब्द या घराला शिकवायचे राहून गेले.

शर्यतीच्या कागदावर शेवटची वेळ साडेअकरा छापली होती. पावणेसातला सगळे पाण्याकाठी उभे असताना भोंग्यावरून घोषणा झाली, ऊन वाढणार असल्यामुळे वेळ कमी केली आहे, शेवटची वेळ पावणे अकरा. डोक्याला रबरी टोपी, कपाळावर चष्मा अशा अवतारात भावजी गर्दीतून माझ्याकडे आले. मी आणि बहीण तिच्या मुलीच्या स्थळाबद्दल बोलत होतो. मुलगा पुण्याचा, नोकरी चांगली, पण आई फार कडक... आमचं अगदी रंगात आलं होतं. भावजींनी विचारलं, "वैनी, पावणे अकरा म्हणजे अकरा काल, अल्वा?" म्हणजे सव्वाअकरा ना, असं. हिशेब त्यांच्या बाजूने सरळ होता. पाव आणि अकरा, अकरा आणि पाव. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो हो." शब्द कानावर पडले होते, पण आत गेले नव्हते. ते पाण्याकडे गेले आणि मी त्या कडक आईकडे वळले.

त्या दिवशी ते सुंदर पोहले. सायकलही झकास झाली. धावताना नवव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. घड्याळ पाहिलं तर हातात चाळीसेक मिनिटं शिल्लक, त्यांच्या हिशेबाने. मला दिलेला शब्द आठवला आणि ते चालू लागले. वाटेत एका म्हातारबाबांनी पाणी दिलं, तर उभं राहून गावाची चौकशी केली. मी शेवटच्या कमानीपाशी उभी होते. दहा पंचेचाळीसला शिट्टी वाजली, पोरांनी दोरी आडवी बांधली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दहा पन्नासला भावजी वळणावर दिसले. हसत, हात हलवत, आरामात चालत... मी ओरडले, "पळा, भावजी, पळा!" ते पळालेसुद्धा. कमानीपाशी एक मुलगी म्हणाली, "काका, वेळ संपली हो. पावणे अकरा सांगितली होती ना?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार तर दोन सेकंद असतील. मी तोंड उघडलं, पण त्याआधीच ते त्या मुलीला मोठ्याने म्हणाले, "माझंच चुकलं, अम्मा. आमचं मराठी म्हैसूरचं आहे. मला वाटलं अकरा काल." आजूबाजूचे हसले. बहीणही हसली. आणि मी... मीसुद्धा हसले. याची लाज मला कुठल्या शब्दांत सांगावी ते कळत नाही.

परतीची बस हुबळीला थांबली तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना चहा आणला. मग एकदम विचारलं, "पावणे म्हणजे मग नक्की काय, वैनी?" मी म्हटलं, "पाव उणे. पाव कमी." त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिलं. "पाव उणे... नोडी, बघा, किती सोपं आहे." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. घरी आल्यावर यजमानांनी तो किस्सा उचलला तो सोडलाच नाही. "मराठ्याचा पोर आणि पावणे कळत नाही!" जेवताना, मित्रांसमोर, सायकलवाल्यांच्या कंपूसमोर, सगळीकडे तेच. भावजी दर वेळी मान हलवून सगळ्यांबरोबर हसायचे. एका रविवारी ते अंगणात साखळीला तेल घालत होते तेव्हा मी धीर करून बसले. "भावजी, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी..." त्यांनी वर न बघता साखळी फिरवली. "वैनी, ही साखळी बघा, किती मळली आहे. जुनं धोतर आहे का घरात?" मी धोतर आणायला गेले. परत आले तेव्हा शेजारचे येऊन बसले होते. पुन्हा कधीतरी बोलू, म्हटलं. जूनही गेला, जुलैही गेला.

मला त्यांचाही राग येतो. शिव्या घालायच्या होत्या, वैनी, शर्यत तुमच्यामुळे गेली म्हणायचं होतं. एवढं पोटात घालायला कोणी सांगितलं होतं? त्यांनी घातलं आणि निघून गेले, आणि मी इथे ते घेऊन बसले आहे. दिवसवार झाले तरी भेटायला माणसं येतात. यजमान डोळे पुसत त्यांना तोच किस्सा सांगतात, कारण भाऊ आठवला की त्यांना आता तोच आठवतो. लोक हसतात, हळहळतात, म्हणतात भोळा होता हो. मी कॉफीचे पेले ठेवून आत जाते. अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका हुशार, हट्टी, हिशेबी माणसाची ओळख म्हणून हे उरलं आहे, आणि ते खोटं आहे. त्यांनी विचारून खात्री करून घेतली होती. चूक सांगणारीची होती.

म्हणून हे वर्तमानपत्राच्या रविवारच्या मराठी पुरवणीसाठी लिहिलं. पण यातही एक गोम आहे. आमच्या घरात ती पुरवणी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. हिंदीमुळे अक्षरं ओळखतात, पण दोन ओळींवर यजमान कागद माझ्याकडे सरकवतात, "तूच वाच, मी ऐकतो." म्हणजे मी इथे काहीही कबूल केलं तरी घरात कोणाला पत्ता लागणार नाही. छापून येईल, रद्दीत जाईल. लिहायला बसले तेव्हा मला हे माहीत होतं, आणि खरं सांगते, त्याचा आधारही वाटला होता.

पुढच्या खोलीत भावजींची सायकल अजून भिंतीला टेकून उभी आहे. ती कोणाला द्यायची हे ठरत नाही, म्हणून केर काढताना मी तिच्याभोवतीने काढते. हे छापून येईल त्या रविवारी सायकलवाले मित्र येणार आहेत. ती पुरवणी मी त्यांच्यासमोर आणि यजमानांसमोर स्वतः वाचणार आहे, समजेल अशी, अडेल तिथे कानडीत सांगून. वाचताना मध्ये थांबावं लागलं तर थांबेन. पण "हो हो" गाळणार नाही.