पिस्ता रंगाच्या एकतीस साड्या

टेलरच्या दुकानात दोन गोष्टी न मागता साठतात. मशीनखाली कात्रणं आणि मशीनवर किस्से! कात्रणं आम्ही दर शनिवारी पोत्यात भरून देऊन टाकतो. किस्से कोण नेणार? ते आपले डोक्यात पडून राहतात.

माझं दुकान बडोद्यात, खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत. आम्ही तिघं. गल्ल्यावर आणि मापाला मी, सुनंदा. कटिंगला सलीमभाई, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. आणि हूक, काज, हातशिलाई, फॉल-पिको सगळं मंदाताईंकडे. मंदाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. नवरा रेल्वेत होता, तो गेला, मूलबाळ नाही. पाणीगेटला एका खोलीत एकट्या राहतात. शुगर आहे. घरी फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन आमच्या दुकानाच्या फ्रिजमध्ये, ताकाच्या पिशवीशेजारी. सकाळी आल्या की एक टोचायचं, संध्याकाळी जाताना एक.

आता ऐका.

*

पहिला किस्सा ब्लेसिंगचा. नायजेरियाची मुलगी, इथे शिकायला आलेली. निळंशार कापड घेऊन आली. तिकडे चुलतबहिणीचं लग्न, आणि म्हणे लग्नाच्या कार्डाबरोबरच कापडाचा भाव येतो! घरच्या, जवळच्या सगळ्यांनी तेच कापड विकत घ्यायचं, शिवायचं, घालून यायचं. ही तर जाणारही नव्हती. तिकिटाला पैसे कुठले? फोनवर लग्न बघणार, पण कापड घातलेलं पाहिजे. दोन महिने मेसचं जेवण एकवेळ करून तिने कापड मागवलं होतं.

मी म्हटलं, "नहीं लिया तो क्या होगा?"

"कुछ नहीं होगा, आंटी. बस, फोटो में सब घरवाले नीले, और मैं मेहमान."

ती गेल्यावर मास्तर म्हणाले, "बेचारी! अच्छा है, अपने यहाँ ऐसा कुछ नहीं."

मंदाताई काज करता करता मोठ्याने हसल्या. तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच हसू आलं होतं.

*

मग आलंच की आपल्याकडे! हळदीला पिवळं, संगीतला वाइन, लग्नाला पेस्टल. आधी नवरीच्या मैत्रिणी, मग बहिणी, मग मावश्या, मग अख्खी सोसायटी.

हरणीच्या एका गृहस्थांनी अठरा कुर्ते शिवायला टाकले. भाचे, पुतणे, मुलाचे मित्र, सगळ्यांना एक रंग. लग्नाच्या नऊ दिवस आधी लग्नच मोडलं. गृहस्थ आले, सगळे पैसे मोजून दिले आणि निघाले.

मी म्हटलं, "काका, कुर्ते?"

"कोणालाही द्या."

कोण घेणार? जो घालेल त्याला गावात विचारणार, अरे, त्या मोडलेल्या लग्नातला ना तू? मास्तरांनी शेवटी ते उसवले. अजून आमच्याकडे पर्सना अस्तर त्याच वाइन रंगाचं लागतं.

*

पण बेसण्याच्या किश्शाला तोड नाही. माणूस गेलं की गुजरात्यांकडे बेसणं असतं. पांढऱ्या कपड्यात सगळे भेटायला येतात, बसतात, हात जोडून उठतात. एक बेन आल्या, सोबत सात जणी. आठ पांढरे ड्रेस, एकच गळा, एकच लेस, परवा पाहिजेत.

मी तोंड बारीक करून विचारलं, "कोण गेलं हो?"

"ना ना, बा अजून आयसीयूत आहेत. तुम्ही कटिंग करून ठेवा ने!"

आणि बा वाचल्या! महिनाभराने काठी टेकत दुकानात हजर. कोणीतरी सांगितलं असणार. "आठ शिवले म्हणे माझ्यासाठी. नववा माझा कुठे?"

मास्तर टेबलाखाली कात्रण शोधायला गेले ते पाच मिनिटं वर आले नाहीत. मंदाताई मात्र म्हणाल्या, "हसू नका रे. नववा शिवायचं लक्षातच नाही आलं कोणाच्या."

*

आता मंदाताईंचंच सांगते.

भावाच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं. वहिनी आजारी असायची म्हणून पोर सहा वर्षांची होईपर्यंत मंदाताईंकडेच वाढली. आत्याशिवाय जेवायची नाही. तर लग्न ठरलं आणि वहिनीचा ग्रुपवर मेसेज आला. लग्नाला सगळ्या बायकांना पिस्ता साडी, अमुक दुकानातून, सहा हजार दोनशे, जिने तिने आपापली घ्यायची. एकतीस जणी. आणि ब्लाऊज? ब्लाऊज शिवायला आमच्याकडे! वहिनी म्हणाली, "आपल्या घरचंच दुकान, वन्सं तिथे आहेतच की."

तीस ब्लाऊज पीस आले. एकतिसावा मंदाताईंचा, तो काही येईना. आणि बाई रोज मान खाली घालून त्याच पिस्ता ब्लाऊजांना हूक लावताहेत!

मी म्हटलं, "मंदाताई, साडीचे मी देते."

"आणि फुकटचं नेसून उभी राहू पोरीच्या शेजारी?"

"मग दादांना सांगा."

"दादा देईल गं. पण वहिनी ते सगळ्या जणींना सांगेल."

"मग जा तुमच्या सणावारच्या मोतिया साडीत! कोण काढणार आहे बाहेर?"

त्या हूक लावायच्या थांबल्या. "ऋतूचा फोन आला होता. म्हणाली, आत्या, फोटोत तू माझ्या बाजूला, सेम साडीत. काय सांगू तिला?"

तीन आठवड्यांनी त्या पीस घेऊन आल्या. चेहरा असा फुललेला! मी विचारलं नाही पैसे कुठून आणले. विचारायला हवं होतं. फ्रिजमधलं औषध संपत नाहीये, नवीन बाटली येत नाहीये, हे मला दिसत होतं. एकदा म्हटलंही, "संध्याकाळचं विसरलात का?"

"डॉक्टरांनी कमी केलंय. सुधारलेय मी."

मी विश्वास ठेवला. खरं सांगू? तीस ब्लाऊजांची डिलिव्हरी डोक्यावर होती, मला विश्वास ठेवायचाच होता. आजही स्वतःची लाज वाटते.

*

ब्लाऊजची फॅशन वहिनीने ठरवलेली. मागून उघडा, मागेच हूक, वर दोरी, दोरीला लटकन. सेम म्हणजे सेम!

मंदाताई मास्तरांशी कुजबुजल्या, "माझं तेवढं वेगळं करा ना. मागून हूक लावायला माझ्या घरी कोण आहे?"

मास्तरांनी हूक पुढे घेतले, पदराखाली झाकतील असे, आणि मागे दोरी-लटकन नुसतं शोभेचं शिवून टाकलं. बघणाऱ्याला वाटावं, तीस जणींचं आहे तसंच. मजुरी घेतली नाही. "बेन, शादी का तोहफा," म्हणाले.

*

हरणीच्या पार्टी प्लॉटवर लग्न. मलाही आमंत्रण होतं. मी आपली माझ्या जांभळ्या साडीत, मागच्या रांगेत. पुढे बघावं तिकडे पिस्ता! मंदाताई ऋतुजाच्या अगदी बाजूला उभ्या होत्या. घामाने डबडबलेल्या, सारखं पाणी मागत होत्या, पण हसत होत्या. फोटोवाला म्हणाला, "पिस्तावाल्या सगळ्या जवळ या." आल्या. फोटो निघाला. आणि मंदाताई तिथल्या तिथे खाली बसल्या, मग आडव्या झाल्या.

हॉस्पिटलात बायका मागोमाग आल्या. जिन्यात पिस्ता, बाकांवर पिस्ता. ऋतुजाचे सप्तपदीचे फेरे चालू होते, आत्याला नुसती चक्कर आलीय एवढंच तिला सांगितलं होतं. कन्यादान उरकलेलं, भाऊ मांडवात थांबलेला, वहिनी तेवढी आलेली.

नर्स बाहेर आली, तिने ती सगळी रांग बघितली आणि विचारलं, "पेशंट के साथ कौन रहता है? दवा कौन देता है? कितने दिन से बंद है?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. वहिनी म्हणाली, "आम्ही घरचेच आहोत."

नर्सने माझ्या जांभळ्या साडीकडे बघितलं. "आप कौन?"

मी म्हटलं, "साथ में काम करते हैं." तिने मलाच आत घेतलं.

आत मंदाताईंचे डोळे मिटलेले. छातीला वायरी लावायच्या होत्या. नर्सने त्यांना कुशीवर केलं, दोरी ओढली, लटकन हातात आलं, ब्लाऊज काही सुटेना. ती पाठीवर हूक शोधत राहिली. मग तिने ट्रेमधली कात्री उचलली.

मंदाताईंचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"सुनंदा, कापू नको म्हणावं तिला. पुढून आहेत हूक. मी एकटी राहते."