विहिरीवरची आत्या

आत्या कुठल्याही पोराला पोहायला शिकवताना 'भिऊ नको' म्हणायची नाही. सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात चुलत-मावस मिळून बरीच पोरं जमायची आणि सगळी तिच्याच भरवशावर विहिरीत उतरायची. लुगडं घट्ट खोचून ती आधी पाण्यात जायची. पायरीवर कुडकुडणाऱ्या पोराला विचारायची, "भ्या वाटतंय?" पोर मान हलवायचं. "वाटू दे. मला बी वाटतं. पाय तेवढे पान्यात सोड."

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा वारला आणि ती माहेरी आली, ती कायमचीच.

शिकवताना ती पोराला धरत नसे, पोरानं तिला धरायचं. "मी धरलं तर कवा सोडीन ह्याचाच तुला घोर. तू धर. तुला वाटंल तवा सोड." काठावरून कुणी मोठं माणूस 'हात मार, पाय मार' असं ओरडायला लागलं, की म्हणायची, "वरडू नका. कानात पानी हाय त्याच्या, तुमचं काय ऐकंल ते?"

माझा धाकटा भाऊ संतोष अख्खा उन्हाळा तिच्या खांद्याला चिकटून राहिला. बाकीची पोरं काठावरून पाण्यात मुटके मारत होती. एका दुपारी वडिलांचा धीर सुटला. "मला आबांनी ढकलून दिलं हुतं ह्याच विहिरीत. आलंच ना पवायला?" आबा म्हणजे आमचे आजोबा. वडिलांनी संतोषचा दंड धरून त्याला काठाकडे ओढलं. तो ओरडला नाही, नुसता ताठ झाला.

आत्या पाण्यातून वर आली आणि निथळत दोघांच्या मधे उभी राहिली. मोठ्या भावापुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. तेव्हाही चढला नाही.

"दादा, पवायला तर तुमी शिकला. पर त्या दिसापासनं आबांच्या शेजारी कवा बसला का?"

वडिलांनी दंड सोडला. पंपाच्या मोटारीच्या खोलीकडे निघून गेले.

शाळा उघडायला आली तेव्हा कधीतरी संतोषनं तिचा खांदा सोडला. त्याचं त्यालाच कळलं नाही. आम्ही टाळ्या वाजवणार, तोच तिनं आम्हाला डोळ्यांनी दटावलं. तो पलीकडच्या काठाला लागल्यावर एवढंच म्हणाली, "भूक लागली असंल. चल, भाकर खाऊ."

या हिवाळ्यात आत्या गेली. झोपेतच. मी पुण्याहून पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मी आलेल्यांना पाणी दिलं. तिची लुगडी घडी करून ठेवली. शेजारच्या वस्तीवरून पिठलं-भाकरी आली, ती वाढली. माझ्या आत कुठेच काही हलत नव्हतं. बायका जवळ घेऊन म्हणत, "रड गं बाई, मोकळी हो." मी मान डोलवत होते. हात आपले काम करत होते, आणि मी ते लांबून पाहत होते.

संध्याकाळी मागच्या दारी जाऊन बसले. माझी आठ वर्षांची जुई आली.

"आई, तुला रडू येत नाही?"

"नाही येत."

ती आता काहीतरी समजुतीचं बोलेल असं वाटलं. पण ती नुसती शेजारी मांडी घालून बसली. अंधार पडला. आतून जेवायची हाक आली.

"जा, तू जेवून घे," मी म्हणाले.

"तू उठशील तेव्हा," ती म्हणाली आणि तशीच बसून राहिली.